दोन मिलिमीटर जागा सोडा: सोलापुरात रेक्टिफाइड टाइल निवडताना आणि बसवताना

मे महिन्यातली दुपार होती. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरात जेवणं उरकून सगळे आडवे झाले होते आणि हॉलमधून फटाका फुटावा तसा आवाज आला. जाऊन बघितलं तर पश्चिमेच्या खिडकीजवळच्या दोन टाइल एकमेकींना टेकून छपरासारख्या उभ्या राहिलेल्या. खाली हात घातला तर सिमेंटचा थर जिथल्या तिथे आणि टाइलची पाठ जवळजवळ कोरी. घर बांधून तीनच वर्षं झाली होती. टाइलमध्ये खोट नव्हती. रेक्टिफाइड होती, कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. म्हणूनच मी मिस्त्रींना सांगितलं होतं, "मामा, जॉइंट दिसता कामा नये." त्यांनी माझा शब्द पाळला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टाइलला टाइल भिडवली, कुठे केसाएवढी जागा सोडली नाही.

ती फरशी उचलून नव्याने बसवताना, आणि नंतर भावाच्या, मेहुण्याच्या घरांची कामं समोर उभं राहून करून घेताना जे कळलं, ते इथे कामाच्या क्रमाने लिहितोय. ज्यांचं घर अजून कोब्यापर्यंत आलेलं आहे त्यांच्या उपयोगी पडेल.

रेक्टिफाइड म्हणजे काय, आणि काय नाही

व्हिट्रिफाइड टाइल भट्टीत साधारण १२०० अंशांना भाजतात. भाजताना ती आकसते, आणि प्रत्येक टाइल अगदी सारखी आकसत नाही. त्यामुळे साध्या टाइलमध्ये एक दुसरीपेक्षा मिलिमीटरभर लहान-मोठी निघू शकते. रेक्टिफाइड टाइल भाजून झाल्यावर चारही बाजूंनी हिऱ्याच्या चाकांवर घासतात. सगळ्या एका मापाच्या आणि कोपरे काटकोनात होतात. म्हणूनच जॉइंट बारीक ठेवता येतो आणि ओळ नजरेला सरळ दिसते.

पण घासली जाते ती कड. टाइलच्या पोटाला बाक असेल तर तो घासून जात नाही. दोन बाय चार फुटांच्या लांब टाइलमध्ये मध्यभागी थोडा बाक बहुतेक वेळा असतोच. आणि कड कितीही नेमकी असली तरी टाइल उन्हात फुगायची थांबत नाही. हिशेब सोपा आहे. व्हिट्रिफाइड टाइल दर अंशाला मीटरमागे साधारण ०.००७ मिलिमीटर वाढते. हिवाळ्यातल्या पहाटे १५ अंशांवर असलेली उन्हाची ओसरी मे महिन्यात ५५ वर जाते. म्हणजे १० मीटरच्या सलग फरशीला २.८ मिलिमीटर जागा जास्त लागते. ती कुठेच मिळाली नाही तर फरशी वर उठते. घरातल्या हॉलमध्ये एवढा फरक पडत नाही, पण तिथे दुसरं कारण असतं. नव्या घराचं काँक्रीट आणि कोबा सुरुवातीची वर्षं आकसत असतात. खालचं आकसतं, वरचं फुगतं, आणि दोघांच्या मधली पकड कच्ची असली की सुटते. आमच्याकडे हेच झालं होतं.

दुकानात

पहिला प्रश्न रंगाचा नको, जागेचा हवा. होटगी रोड असो की अक्कलकोट रोड, आपल्याकडे धूळ घरात येतेच, आणि ती धूळ खरखरीत असते. आरशासारख्या चकचकीत पीजीव्हीटी (पॉलिश केलेल्या ग्लेज्ड व्हिट्रिफाइड) टाइलवर चप्पल घालून ये-जा झाली की दाराजवळचा पट्टा वर्षा-दोन वर्षांत निस्तेज पडतो, कारण तिथे वरचा ग्लेजचा थर पातळ असतो. ये-जा जास्त असेल तर डबल चार्ज घ्या, त्यात रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असतो. किंवा मॅट फिनिशची जीव्हीटी, म्हणजे ग्लेज्ड व्हिट्रिफाइड, घ्या. हॉलला मॅट हे माझं स्वतःचं मत आहे, अनेकांना ते पटत नाही. बाथरूम आणि ओट्यापुढच्या जागेला मात्र मॅटच हवी, घसरण रोखण्याचा दर्जा आर-१० किंवा त्याच्या वरचा.

मग दुकानदाराला एकाच बॅचचे दोन बॉक्स फोडायला सांगा. लाजू नका, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. दोन टाइल तोंडाला तोंड लावून उभ्या धरा आणि उजेडाकडे बघा. मधे किंवा कडेला फट दिसली तर बाक आहे. ती फट एक मिलिमीटरच्या आसपास असली तर चालवून घेता येतं, त्याहून जास्त असेल तर दुसरी बॅच बघा. मग टेपने दोन्ही कर्ण मोजा. ६०० बाय ६०० च्या टाइलचा कर्ण ८४८.५ मिलिमीटर येतो, ६०० बाय १२०० चा सुमारे १३४१.६. दोन कर्णांत मिलिमीटरभरही फरक आला तर ती टाइल नावाचीच रेक्टिफाइड. शेवटी चार टाइल एकावर एक ठेवून कडेवरून बोट फिरवा. पायरी लागता कामा नये.

बॉक्सवर साइज, शेड, बॅच आणि आयएस १५६२२ हा मानकाचा क्रमांक बघा. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी पिते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे चिकटवताना तिचाच संबंध येतो.

किती बॉक्स लागतील: चौरस फूट मोजू नका, टाइल मोजा

इथे बहुतेकांची फसगत होते. "दोन बाय दोन" म्हणतात ती टाइल ६०० मिलिमीटरची असते, आणि दोन फूट म्हणजे जवळजवळ ६१० मिलिमीटर. म्हणून चार टाइलचा बॉक्स १६ चौरस फूट भरत नाही, १५.५ भरतो.

पण खरी चूक त्याच्याही पुढची आहे. १२ बाय १८ फुटांचा हॉल घेऊ. २१६ चौरस फूट, दहा टक्के घट धरून २३७.६, भागिले १५.५, म्हणजे १६ बॉक्स. कागदावर बरोबर. आता जमिनीवर मांडून बघा. १२ फूट म्हणजे ३६५८ मिलिमीटर. दोन्ही भिंतींना आठ-आठ मिलिमीटर जागा सोडली तर ३६४२ उरले. दोन मिलिमीटरच्या जॉइंटने सहा अख्ख्या टाइल लावल्या की शेवटी ३० मिलिमीटरची चिंधी उरते. तीन सेंटिमीटरची पट्टी कापताना तुटते, कापली गेली तरी भिंतीकडेला वाईट दिसते, आणि भिंत जरा तिरकी असेल तर तो तिरकेपणा उठून दिसतो. म्हणून पाच अख्ख्या टाइल मधे आणि दोन्ही बाजूंना ३१५ मिलिमीटरचे तुकडे, अशी मांडणी करायची. १८ फुटांच्या बाजूलाही तसंच: आठ अख्ख्या आणि दोन्ही टोकांना ३२६ चे तुकडे. दिसायला फार छान. पण तुकडा अर्ध्याहून मोठा असल्याने प्रत्येकाला वेगळी टाइल लागते. सात गुणिले दहा, म्हणजे ७० टाइल. साडेसतरा बॉक्स, आणि फूटतूट वेगळी.

यातून वाट काढता येते. सोफा किंवा दिवाण ज्या भिंतीला लागणार आहे तिकडे १९५ मिलिमीटरचा तुकडा ठेवा आणि समोरच्या भिंतीला ४३५ चा. बेरीज तीच, ६३०. आता एका टाइलमधून १९५ चे तीन तुकडे निघतात आणि त्या एका ओळीत पाच-सहा टाइल वाचतात. उरलेल्या पट्ट्या स्कर्टिंगला वापरायच्या, त्यासाठी वेगळी टाइल आणायची गरज पडत नाही. हे सगळं चौकटीच्या वहीवर अर्ध्या तासात काढता येतं. ते काढून झाल्यावरच ऑर्डर द्या आणि एक बॉक्स जादा घ्या. तो फोडायचा नाही. माळ्यावर उभा ठेवायचा, वरच्या लेबलसकट. दोन वर्षांनी तीच शेड मिळत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

माल आला की सगळ्या बॉक्सवरची बॅच आणि शेड जुळतेय का ते गाडी परत जायच्या आधी बघा. बॉक्स उभे ठेवा, आडवे रचू नका. दोन बाय चारच्या दोन टाइलचा बॉक्स तीस किलोच्या घरात जातो, त्यामुळे वरच्या मजल्यावर चढवायची माणसं आधी ठरवून ठेवा.

खालची जमीन

आपल्याकडे काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जोत्यात मुरूम नीट भरून, पाणी मारून, थरावर थर धुमस केला नसेल तर तळमजल्याची फरशी काही वर्षांत खचते, मग टाइल कोणतीही आणा. घाई नसेल तर भरणीवरून एक पावसाळा जाऊ द्या.

जुन्या पेठेतल्या घरात शहाबादी फरशी असेल तर ती काढायच्या आधी थोडा विचार करा. वाडीच्या गाडीत बसलं की कलबुर्गीच्या पुढे शहाबाद लागतं, तिथला हा दगड. उन्हाळ्यात त्याच्यासारखी थंड जमीन दुसरी नाही. पॉलिश करून तो पुन्हा उभा राहतो. तरी बदलायचीच असेल आणि फरशी कुठे हलत नसेल, तर वरूनही टाइल लावता येते. मात्र उंची सव्वा-दीड सेंटिमीटर वाढते. दारं घासतील का, बाथरूमचा उंबरा बुडेल का, हे आधी बघा.

कोबा केल्यावर सात दिवस पाणी मारा आणि पुढे जमेल तितका वाळू द्या. २८ दिवस मिळाले तर उत्तम. मग दहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन सगळ्या खोलीत फिरवा. पट्टीखालून ३ मिलिमीटरचा स्पेसर (जॉइंट सारखा ठेवायला लावतात तो प्लास्टिकचा तुकडा) सहज सरकला तर तिथे खडूने गोल करा. उंचवटा ग्राइंडरने घासायचा, खळगा आधीच भरून वाळू द्यायचा. "टाइल लावताना माल जास्त घालून लेव्हल काढू" असं मिस्त्री म्हणतात. साध्या टाइलला ते निभायचं. रेक्टिफाइडच्या कडेला गोलाई नसते, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची पायरीही बोटाला लागते आणि संध्याकाळच्या तिरप्या उजेडात डोळ्याला दिसते. या कामातला सगळ्यात कंटाळवाणा दिवस हाच, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचाही.

बसवणं

हंगाम निवडता येत असेल तर दिवाळी ते फेब्रुवारी. फक्त संक्रांतीला गड्ड्याची यात्रा असते, त्या आठवड्यात माणसं कामावर येतील असं धरून चालू नका. उन्हाळ्यातच करायचं झालं तर सकाळी लवकर सुरुवात करा, खिडक्यांना पडदे लावून झळ अडवा आणि ॲडेसिव्हच्या गोण्या सावलीत ठेवा.

पाण्याबद्दल एक सांगायचंय. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून बांधकामावर सर्रास बोअरचं पाणी वापरतात. ते क्षाराचं असेल तर जॉइंटमधून पांढरी बुरशीसारखी फुली येत राहते. कोब्याला पाणी मारायला बोअरचं वापरा, पण ॲडेसिव्ह आणि ग्राउट (जॉइंट भरायचा माल) कालवायला पिण्याच्या पाण्याचा वेगळा ड्रम भरून ठेवा.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, त्यामुळे सिमेंटची रबडी तिच्या पाठीत शिरत नाही, नुसती टेकून राहते. म्हणून ॲडेसिव्ह. गोणीवर आयएस १५४७७ बघा आणि व्हिट्रिफाइडसाठी टाइप २ किंवा त्यावरचा घ्या. वीस किलोच्या गोणीत थराच्या जाडीप्रमाणे ३० ते ५० चौरस फूट काम होतं. मोठ्या टाइलला तीसच धरा.

आधी आखणी. खोलीच्या मधोमध दोरी मारा. काटकोन गुण्यावर सोडू नका, ३-४-५ लावा: कोपऱ्यापासून एका रेषेवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं पाहिजे. मोठ्या हॉलला ६-८-१० घ्या. पहिली ओळ या दोरीवर, भिंतीवर नाही. जुन्या घरांच्या भिंती काटकोनात नसतातच. दारातून आत पाऊल टाकताना समोर जी ओळ दिसते ती सरळ असली की घर सरळ दिसतं.

ॲडेसिव्ह एकावेळी चार-पाच टाइलपुरतंच पसरा. दातऱ्या थापीने, मोठ्या टाइलला १० मिलिमीटरच्या दातांनी, सगळ्या रेघा एकाच दिशेला ओढायच्या. गोल फिरवायच्या नाहीत. रेघा समांतर आणि टाइलच्या आखूड बाजूच्या दिशेने असल्या की दाबताना हवा बाहेर पडते. गोल रेघांत ती कोंडते आणि पोकळी राहते. टाइलची पाठ कोरड्या फडक्याने पुसा, त्यावर कारखान्याची पांढरी भुकटी असते. मग सपाट थापीने पाठीवरही पातळ हात मारा. टाइल ठेवली की रेघांना आडवी अशी थोडी मागेपुढे सरकवायची. चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक ढेपा लावून टाइल ठेवायची पद्धत दिसली तर काम तिथल्या तिथे थांबवा. त्या टाइलच्या कोपऱ्यावर पलंगाचा पाय आला की ती तुटते.

पसरलेल्या ॲडेसिव्हवर अधूनमधून बोट टेकवा. बोटाला चिकटलं तर ठीक. वर साय धरली असेल तर खरवडून टाका, पाणी शिंपडून जिवंत करू नका. आपल्या मे महिन्यात ही साय दहा मिनिटांतही धरते.

पहिल्या दोन-तीन टाइल बसवून झाल्या की एक उचलून उलटी करा. मिस्त्री नाराज होतात, होऊ द्या. आमच्या दुसऱ्या खेपेला मी उचलायला लावली तेव्हा मधे हातभर जागेत रेघा तशाच उभ्या होत्या, टाइल त्यांना नुसती टेकली होती. कोबा तहानलेला होता. पुसट ओला केला, थापी बदलली, आणि पुढची टाइल उचलायला दोघांना जोर लावावा लागला. घरात निदान ८० टक्के पाठ भरलेली हवी, बाथरूम आणि उघड्यावर ९५.

दोन मिलिमीटरच्या लेव्हलिंग क्लिप आणि पाचरी वापरा. दोन टाइलच्या कडा एका पातळीत धरण्याचं आणि जॉइंट सारखा ठेवण्याचं काम त्या एकदमच करतात. पाचर हाताच्या जोराने बसवा, पक्कडीने आवळू नका, नाहीतर टाइल खालच्या मालातून उचलली जाते. लांब टाइल विटेसारखी निम्म्यावर लावायचा मोह होतो. तिथे एकीचा फुगीर मध्य दुसरीच्या कोपऱ्याशेजारी येतो आणि पायरी पडते. एक तृतीयांशापेक्षा जास्त सरकवू नका.

कापताना: सरळ काप हातकटरवर, खाच किंवा एल आकार पाण्याच्या मशिनवर. एल कापायच्या आधी आतल्या कोपऱ्यात छिद्र पाडून घ्या, नाहीतर तिथून चीर जाते. कापलेली बाजू कायम भिंतीकडे. आणि कोरडा ग्राइंडर बंद खोलीत चालवू देऊ नका. त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसते आणि परत निघत नाही. पाणी धरायला एक पोरगं आणि सगळ्यांना चांगले मास्क, एवढा खर्च घरमालकाने करायलाच हवा. मिस्त्री "सवय आहे साहेब" म्हणतील. तरी द्या.

बाथरूममध्ये आधी वॉटरप्रूफिंग, मग मीटरला १० ते १५ मिलिमीटर उतार, आणि टाइल लहान. मोठी टाइल जाळीकडे चारही बाजूंनी वळत नाही.

जॉइंट आणि भिंतीकडेची फट

चोवीस तास कोणी पाय ठेवायचा नाही. मग क्लिप जॉइंटच्या दिशेने ठोकून काढा, आडव्या ठोकल्या तर कड उडते. नाणं घेऊन प्रत्येक टाइल वाजवा. भरीव जागा टणक वाजते, पोकळ जागा बद्द. कोपऱ्यात बद्द वाजली तर आत्ताच काढून परत लावा, ग्राउट भरल्यावर शेजारचीही खराब होते.

जॉइंटमधला माल खरवडून झाडून घ्या. ओट्यापुढे आणि बाथरूमला इपॉक्सी ग्राउट वापरा, बाकी घरात सिमेंटचं चालतं. इपॉक्सी उन्हाळ्यात हातातच घट्ट होतं, म्हणून थोडं थोडं कालवा आणि वरचा चिकट थर ओल्या स्पंजने लगेच पुसा. दुसऱ्या दिवशी तो निघत नाही. फरशी धुवायला ॲसिड आणू देऊ नका, सिमेंटचं ग्राउट त्याने खाल्लं जातं आणि शेजारच्या खोलीत शहाबादी असेल तर तीही पांढरी पडते.

भिंतीकडेची सात-आठ मिलिमीटरची फट मोकळी ठेवायची. तिच्यात ना सिमेंट, ना ग्राउट, ना कचरा. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते, कोणाला दिसत नाही. काम संपवताना उरलेला माल तिथे ढकलायची सवय असते, तेवढ्यावर डोळा ठेवा. दाराच्या चौकटीखाली, आणि सलग फरशी सहा-सात मीटरांहून लांब असेल तिथे, एका जॉइंटमध्ये ग्राउटऐवजी त्याच रंगाचा सिलिकॉन भरा. उन्हाची ओसरी आणि गच्चीवर हे अंतर अडीच ते साडेतीन मीटरवर आणा.

आमच्या हॉलमध्ये आता दोन मिलिमीटरचे राखाडी जॉइंट आहेत. आई आधी म्हणाली होती, "घाण बसेल रे त्यात." आता तीच पाहुण्यांना सांगते की पुसायला काही वेगळं लागत नाही.

पहिला मे महिना आला की एका दुपारी नाणं घेऊन पुन्हा खाली बसा. खिडकीजवळच्या आणि दाराजवळच्या टाइल वाजवा, सिलिकॉनच्या जॉइंटवरून नख फिरवा. सिलिकॉन कडेने सुटला असेल तर ब्लेडने काढून नवा भरा, तासाभराचं काम आहे. एखादी टाइल बद्द वाजायला लागली असेल तर माळ्यावरचा तो बॉक्स उतरवा.